बर्फात बांधलेली दस्ती

नांदेडच्या दवाखान्यात माझा मित्र युसुफ ऑक्सिजनचा मास्क सारखा ओढून काढत होता. नर्स रागावत होती, त्याची मुलगी सना रडकुंडीला आली होती. “अब्बा, नका ना काढू!” मास्कच्या आत त्याच्या श्वासाचं धुकं धरायचं, विरायचं, पुन्हा धरायचं... तो त्या धुक्याला भीत होता, हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं. मी लातूरला परतलो आणि मागोमाग सनाचा फोन आला, “अब्बा गेले.” त्याला आता महिना होऊन गेला.

पन्नाशीत आम्ही दोघं काश्मीरला स्कीइंग शिकायला गेलो होतो. कल्पना अर्थात युसुफची. त्याचं चष्म्याचं दुकान. मी कॉलेजात शिकवायचो, म्हणून तो मला मास्तर म्हणे. निघण्याआधीच बाजारातल्या व्यापाऱ्यांनी ‘हिमवीर’ म्हणून आमचा सत्कार केला. तोवर आम्ही बर्फ पाहिला होता तो रसवंतीत. शाल मात्र कामाची निघाली.

तिथं बूट, जाकीट, हातमोजे भाड्यानं मिळाले. बूट इतके ताठ की आम्ही नवे नाल ठोकलेल्या बैलांसारखे चालायचो; पण जाकिटातून वारा शिरत नव्हता. दुहेरी काचेचा गॉगल तेवढा युसुफनं विकत घेतला. “काचंचं मला नको सांगू मास्तर, खानदानी धंदा हाय.”

एका दुपारी उतारावर वारा सुटला. युसुफनं खिशातली दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, काढली आणि नाकातोंडावर घट्ट आवळली, आपण मे महिन्यात स्कूटरवर बसताना आवळतो तशी. आपल्याकडं ती ऊन अडवते. तिथं तिनं श्वास अडवला आणि तो वर गॉगलात सोडला. काचेवर धुकं धरलं, धुक्याचा बर्फ झाला. त्यानं गॉगल काढून ओल्या दस्तीनं आतून खसाखसा घासला. आतल्या काचेवर धुकं न धरण्यासाठी लेप असतो, तो ओला घासायचा नसतो, हे चष्मेवाल्याला ठाऊक असणारच. पण भीतीला धंदा आठवत नाही. तेवढ्यात ढग खाली उतरला. आभाळ कुठं संपतं, जमीन कुठं सुरू होते, काही कळेना.

“मास्तर, मला दिसून नाही राहिलं!”

डावीकडं दरी होती. कुठंतरी त्याच्या स्की सरकल्याचा आवाज आला... “युसुफ, खाली बस! आहे तिथं बस!” मी ओरडलो.

“बसलो. तू बोलत राहा. गप नको होऊ.”

वर्गात तासन् तास बोलणाऱ्या मला आठवली ती फक्त एसटीच्या वाटेवरची गावं. कंडक्टरसारखा सुरू झालो. “लातूर... चाकूर... अहमदपूर... लोहा... नांदेड...” मग परतीची गाडी. मध्येच त्याचा आवाज बंद झाला. मी नुसता गावं ओरडत राहिलो. त्यानं स्की सोडल्या होत्या आणि आवाजाच्या रोखानं तो रांगत येत होता. कितव्यांदा तरी लोहा आलं, तेव्हा माझ्या बुटाला हात लागला.

“तिकीट काढू का?” तो म्हणाला. दात वाजत होते. दस्ती पापडासारखी कडक होऊन हनुवटीला चिकटली होती. शिक्षक शिट्टी वाजवत येईपर्यंत आम्ही एकमेकांचं जाकीट धरून बसून होतो. त्यानंतर नाकातोंडावर काही आलं की युसुफ घाबरा व्हायचा.

परवा भेटायला गेलो, तेव्हा सनानं तो गॉगल माझ्या हातात ठेवला. “चाचा, तुमच्याकडंच असू द्या. मला बघवत नाही.”

घरी आल्यावर मी त्याच्या आतल्या काचेवर हलकेच श्वास सोडला. बाकीची काच स्वच्छ राहिली. जिथं त्यानं घासलं होतं, तेवढ्याच जागी धुकं धरलं. ते कडेकडेनं विरू लागलं आणि मला भीती वाटली... मी घाईनं पुन्हा श्वास सोडला.