न विझणारा दिवा

सोमवारी सकाळी माझा थोरला भाऊ नाना वारला. पोर्चमध्ये, मोटारीशेजारच्या खुर्चीत. मी चहा घेऊन आले होते.

राजेंद्र नगरातल्या घरात आम्ही दोघंच. तो सिंचन खात्यातून निवृत्त, मी कॉलेजच्या ग्रंथालयातून. तिसरी आजोबांची मोटार. दरबारच्या नोकरीत असताना त्यांनी घेतलेली. जुन्या मोटारींच्या प्रदर्शनासाठी नानानं ती पूर्ण उघडली, घासली आणि स्वतः रंगवली. त्यानंतर मला घेऊन मानपूरला फिरायला निघाला, तर गावाच्या अलीकडे दिवे, इंजिन, सगळं एकदम बंद. काही वेळानं ती आपणहून सुरू झाली... मग हे असंच होत राहिलं. कृष्णपुऱ्यातल्या मिस्त्रीकडे नेली की मात्र काही व्हायचं नाही. ‘नानाजी, ये आपको ही सताती है,’ तो म्हणायचा, ‘मुझे तो सलाम करती है.’ विकून टाक, असं नातेवाईक सांगत. कुसूला, म्हणजे मला, एकदा न थांबता मानपूरला नेऊन आणतो, मग बघू, हे नानाचं ठरलेलं उत्तर.

दोष शोधायची त्याची रीत अशी, की सकाळी मी किल्ली फिरवून सीटवर पुस्तक घेऊन बसायचं आणि समोरचा लाल दिवा लागलेला असेपर्यंत ‘आहे’ म्हणत राहायचं. तो बॉनेटखाली एकेक वायर हलवून पाहायचा. अशा किती सकाळी गेल्या... कंटाळून मी थांबले की तिकडून आवाज यायचा, ‘चुप नको बसू गं कुसू. दिवा विझला की तुझा डोळा लागला, मला कसं समजणार?’

त्यानं सगळ्या वायरी तपासल्या. जुन्या, मिस्त्रीनं जोडलेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या. स्वतः बसवलेल्या वायरीवर मात्र त्याला कधी संशय आला नाही. तो जायच्या आदल्या दिवशी, रविवारी, बहुतेक दुसरं काही उरलं नाही म्हणून, त्यानं बॅटरीपासून मोटारीच्या पत्र्याला जोडलेली अर्थिंगची वायर हलवली. दिवा विझला. मी तसं म्हणाले. पुन्हा हलवली, लागला.

नट काढून तो बराच वेळ तिथं वाकून पाहत होता. वायर जिथं कसायची, तिथल्या कोऱ्या पत्र्यावरही त्यानं रंगाचे हात दिले होते; रंगातून वीज नीट जात नव्हती. ‘मीच अडवून बसलो होतो की गं,’ म्हणाला आणि हसला. पॉलिश पेपरनं तेवढा रंग खरवडला, नट आवळला. मग खुर्चीत बसला. ‘आज थकलो. उद्या मानपूर.’

महिना होत आला. मोटार विकलेली नाही. मला चालवता येत नाही. सकाळी पुस्तक घेऊन सीटवर बसते, किल्ली फिरवते. दिवा लागतो.

आता तो मध्येच विझत नाही.