तिसऱ्या ओळीपर्यंतचा दम

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी कळलं की मला मायस्थेनिया आहे. या आजारात स्नायू वापरला की थकतो, आणि माझा सगळ्यात आधी थकतो तो घसा. बोलत गेलं की आवाज नाकात जातो, मग बंदच होतो. डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं होतं, ‘‘आवाजामागोमाग श्वासही जाऊ शकतो. रोज एका दमात आकडे मोजायचे. कमी भरले की घरी थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.’’

आईला आकडे पटले नाहीत. ‘‘आकडे कसले मोजतेस? त्रिशरण म्हण.’’ तेव्हापासून नाहूरच्या आमच्या घरात रोज सकाळी मी बुद्धांच्या तसबिरीसमोर त्रिशरणाच्या तीन ओळी एका दमात म्हणायचे आणि आई माझ्या तोंडाकडे बघत राहायची. तिसरी ओळ पुरी झाली की ती चहा टाकायची. वंदनेची अशी तपासणी झालेली मला मुळीच आवडत नसे, पण तिच्यापुढे कोणाचं चालतं?

प्रबंधाची तोंडी परीक्षा जवळ आली तसा मी आवाज राखायला लागले. घरात सगळं फोनवर टाइप करून दाखवायचे. भांडणंसुद्धा. टाइप केलेल्या भांडणात काही राम नसतो.

परीक्षेच्या सकाळी साकीनाक्याची मावशी सगळं घर घेऊन आली. फुलं, मेणबत्त्या, पांढऱ्या साड्या. ‘‘आपल्यातली पहिली डॉक्टर. आज वंदना हीच घेणार, आपण तिच्यामागून म्हणायची.’’ मी आईकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं. पण इतकी माणसं माझ्यासाठी आलेली बघून ती हरखून गेली होती. ‘‘घे गं, पाच मिनिटांचं तर काम,’’ ती म्हणाली.

मी घेतली, पूर्ण. पंचशीलापर्यंत डावी पापणीही थकून खाली आली होती. मला भरून आलंय असं वाटून मावशीनेही डोळे पुसले. मला मात्र भीती वाटत होती.

परीक्षकांचे पहिले दोन प्रश्न निभावले. तिसऱ्याला शब्द नाकातून यायला लागले. कुणीतरी पाणी दिलं, ते गिळताना नाकातून बाहेर आलं. बाहेरगावचे परीक्षक भले होते. ‘‘राहू द्या, लिहून सांगा,’’ म्हणाले. उरलेली उत्तरं मी फळ्यावर लिहिली. शेवटी त्यांनी मला ‘डॉक्टर’ म्हणून हात मिळवला. मी इतकी खूश झाले की हसायला गेले, आणि हसू पुरं करण्याइतका श्वासच नव्हता.

बाहेर आई पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभी होती. निकाल तिने विचारलाच नाही.

‘‘म्हण,’’ ती म्हणाली.

मी हात जोडले. पहिली ओळ झाली. दुसरी अर्ध्यावर तुटली.

आईने बॉक्स तिथेच बाकावर टाकला, माझा दंड धरला आणि रिक्षाला हात केला. ‘‘मीच घ्यायला लावली,’’ रिक्षात ती पुन्हापुन्हा म्हणत होती. मी फोनवर ‘पास झाले’ टाइप करून तिच्यासमोर धरलं. तिने तिकडे पाहिलंच नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.