दहा आखाज्यांची बरणी

ज्ञानचंद शेठ शालिग्रामला फारसे कळले नव्हते, हे आधीच कबूल केलेलं बरं. धुळ्यात चार नंबरच्या गल्लीत त्यांचं तंबाखूचं दुकान होतं आणि त्या दुकानात शालिग्रामनं सोळा वर्षं काढली. शेठ चहा बशीत ओतून पितात, त्यांची उजव्या पायाची चप्पल आधी झिजते, शिंक आली की ते भिंतीकडे तोंड करतात, एवढं तो छातीठोक सांगू शकला असता. पण या माणसाला कशाचं सुख वाटतं, कशाची भीती वाटते, असं कुणी विचारलं असतं तर त्यानं मान खाली घातली असती. जे थोडं कळलं ते एका बरणीमुळे, आणि तेही त्याच्याच हातून चूक झाली म्हणून.

शालिग्राम शिंदखेड्याकडचा. सन अठ्ठावन्नमध्ये तो दुकानात लागला तेव्हा विशीतला होता. खायची तंबाखू, विडीची तंबाखू, जर्दा, तपकीर, सगळा माल तिथं असे, आणि आत पाऊल टाकलं की नवख्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येई. शेठनी स्वतः मात्र तंबाखू कधी तोंडाला लावली नव्हती. लहानपणी आईनं साधुमहाराजांपुढे बसवून तशी सौगंध घ्यायला लावली होती, ती त्यांनी पाळली. त्यांचा सगळा व्यवहार नाकावर चाले. पान तळहातावर चुरडायचं, डोळे मिटून नाकाशी न्यायचं आणि सांगायचं, "निपाणी. वाटेत भिजलेली आहे." चूक नसायची. हमाली करणारा लोटन अहिराणीत म्हणायचा, "आपला शेठनं नाक म्हंजे तार ऑफिस शे. बठ्ठी खबर पहिले तठेच येस." बठ्ठी म्हणजे सगळी.

थोरले भाऊ शांतीलाल अगदी उलटे. मोठ्यानं हसणारे, गिऱ्हाइकाच्या पाठीवर थाप मारणारे. आईला दिलेली सौगंध त्यांनी केव्हाच मोडली होती. माल घ्यायला ते आंध्रात गुंटूरपर्यंत जायचे आणि तिथून पाइप ओढायची सवय घेऊन आले. गुंटूरकडे व्हर्जिनिया जातीचं पान पिकतं. लिंबासारखं पिवळं आणि पातळ. आपल्याकडच्या काळ्या तंबाखूसारखा त्याला ठसका नसतो, पण नवं असताना ते जिभेला चावतं आणि त्याला कडब्यासारखा वास येतो. ते मुरवावं लागतं. तिथल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं दहा वर्षं मुरवलेली पानं शांतीलालना दिली होती. ती एका बटव्यात घालून ते कायम सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. जिन्यावरून ते उतरले की त्यांच्या आधी त्यांचा वास उतरायचा. वाळलेल्या अंजिरासारखा, थोडा काकवीसारखा, गोड आणि जड.

तो बटवा संपत आला तेव्हा बासष्ट सालच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शांतीलालनी स्वतःची बरणी भरायला घेतली. लोणच्याची चिनी मातीची मोठी बरणी. पानांच्या शिरा काढल्या, घडीवर घडी घातली आणि मुसळाच्या बुडानं दाबली. त्या दिवशी गल्लीतल्या घराघरांत गेलेल्या माणसांच्या नावानं घागरी भरल्या जात होत्या. शांतीलाल हसत म्हणाले, "लोक मेलेल्यांसाठी घागर भरतात, आपण जित्यांसाठी बरणी भरू. ज्ञाना, दहा आखाज्या हिला हात लावायचा नाही."

"मी कशाला लावू?" ज्ञानचंद म्हणाले. "मला ओढायची आहे का?"

"वास तर घेशील! वासाची कुठं सौगंध आहे?"

त्याच श्रावणात कावीळ होऊन शांतीलाल गेले. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी प्रेमकुंवर राहिल्या. त्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर असत आणि खाली क्वचितच उतरत. शांतीलालचे कपडे रिवाजाप्रमाणे वाटून टाकले, बटवाही कुठंतरी गेला. महिनाभरात घरातून तो वास पार नाहीसा झाला.

पुढच्या आखाजीला शेठनी बरणीच्या तोंडावरचं मेण काढलं, फडकं सोडलं, डोळे मिटून एकदाच श्वास घेतला आणि लगेच तोंड पुन्हा बांधून टाकलं. "गवत," एवढंच म्हणाले. तेव्हापासून तो नेमच झाला. वर्षातून एक दिवस, एक श्वास, एक शब्द. एक वर्ष म्हणाले, "आंबट." त्याच्या पुढच्या वर्षीही, "आंबट." अडुसष्ट साली म्हणाले, "मनुका," आणि त्या दिवशी त्यांनी शालिग्रामला आपणहून पेढा आणायला पाठवलं. शालिग्रामला तोवर हा नुसता शेठचा छंद वाटत होता. सत्तर सालच्या आखाजीला शेठनी वास घेतला, फडकं तसंच हातात धरून ते हळूच म्हणाले, "गल्लीच्या तोंडाशी आले."

"कोण, शेठजी?"

"भाईसाब."

शालिग्राम गोंधळला, भाईसाब म्हणजे शांतीलाल, ते तर केव्हाच गेले होते. मग त्याच्या ध्यानात आलं. पान जसजसं मुरत होतं तसतसा त्याचा वास शांतीलालच्या सदऱ्याच्या वासाजवळ सरकत होता. आठ वर्षं हा माणूस भावाची वाट बघत होता. कुणाला न सांगता, दर आखाजीला एक पाऊल मोजत. "दहा झाल्या की भाभींना खाली बोलावू," शेठ म्हणाले. "त्यांना मधेच सांगू नकोस. अर्धवट आलेला माणूस दाखवू नये."

एकाहत्तरच्या आखाजीला ते म्हणाले, "दाराशी." आणि पंधरा दिवसांनी नात्यातल्या लग्नासाठी मारवाडला गेले. आतल्या खोलीची किल्ली शालिग्रामच्या हातात दिली. "उंदरांकडे लक्ष ठेव," इतकंच सांगितलं.

उंदरांनीच घात केला. शेठ गेल्याच्या चौथ्या दिवशी बरणीवरचं फडकं कुरतडलेलं दिसलं. आत काही पडलं का ते पाहायला शालिग्रामनं वरची पानं उचलली. पिवळी पानं आता जुन्या पितळेसारखी झाली होती आणि त्यांच्यावर पांढरं काही पसरलं होतं. आदल्या पावसाळ्यात दोन पोती माल असाच पांढरा झाला होता आणि पांझरा नदीत नेऊन टाकावा लागला होता.

लोटननं डोकावून पाहिलं. "अरे शालिकभाऊ, हाई ते बुरशी लागनी! उन दखाड, नहीतं बठ्ठं जाई."

खानदेशातल्या कुठल्याही घरात याला दुसरं उत्तर नाही. डाळ, मिरची, गोधड्या, लोणच्याच्या फोडी, कशालाही काही झालं की वैशाखाचं ऊन. शालिग्रामची आई सगळं घर उन्हात काढायची. त्यानं गच्चीवर धोतर अंथरलं, एकेक पान सोडवून पसरलं आणि ओल्या फडक्यानं ते पांढरं काळजीनं पुसून काढलं. नऊ वर्षांचं जपलेलं आपण वाचवतोय, या विचारानं त्याला थोडा अभिमानही वाटला.

बारा वाजून गेल्यावर वास सुटला.

आधी गच्चीवर. मग तो जिन्यानं उतरला, खोल्यांमधून फिरला, खाली दुकानात आला. जर्द्याच्या, तपकिरीच्या वासाला बाजूला सारून तो शेठच्या बसायच्या गादीपाशी येऊन थांबला. शालिग्राम खालीच होता. त्यानं मान वर करून जिन्याकडे पाहिलं, कारण शांतीलाल उतरतायत याबद्दल त्याच्या अंगाला शंकाच नव्हती. जिन्यावर कुणी नव्हतं. समोरच्या दुकानातले शिंपी रुपचंद सुईदोरा हातात घेऊन रस्ता ओलांडून आले आणि पायरीशी थबकले. "कोण आलं रे?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच घाबरून परत गेले.

शालिग्राम धावत गच्चीवर गेला. दारात प्रेमकुंवरबाई उभ्या होत्या. पायात काही नाही, फरशी तापून लाल झालेली. पदर तोंडावर ओढलेला, नवरा समोर असावा तसा.

"भाभीजी, पाय भाजतील."

"हळू बोल," त्या म्हणाल्या.

त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या. शालिग्रामला पानं उचलायची होती, पण त्यांच्यापुढून जायचं धाडस होईना. दुपार कलली तसा वास पातळ होत गेला आणि दिवे लागायच्या वेळेला अजिबात राहिला नाही. मग त्या उठून आत गेल्या. शालिग्रामनं पानं उचलली तर पापडासारखी मोडली. नाकाशी नेली. कागदाला येतो तेवढाही वास नव्हता.

तेव्हा त्यानं दुसरी चूक केली, आणि ही जाणूनबुजून केली. जर्दा सुकला की दुकानात गुळाचं पाणी शिंपडून नरम करीत. तसंच पाणी त्यानं या चुऱ्यावर शिंपडलं, बरणीत दाबून भरलं, नवं फडकं बांधलं आणि मेण लावलं.

शेठ परत आले. "उंदीर?" त्यांनी विचारलं.

"फडकं कुरतडलं होतं. बदललं."

"बरं केलंस."

तिथंच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मग वर्षभर रोज सकाळी तो ठरवून यायचा आणि रोज संध्याकाळी तसाच जायचा. घरी बायको कमलबाई विचारायची, "ताटावर बसून कुठं बघता?" त्याला जेवता जेवता तो वास यायचा. गावी जाताना नरडाण्याच्या स्टेशनवर भर गर्दीत यायचा. पानं पसरलेलं ते धोतर तीन वेळा धुऊन शेवटी त्यानं ते टाकून दिलं, तरी यायचा. बरणीतून निघालेला माणूस परत बरणीत गेला नव्हता. मग तो होता कुठं?

बहात्तरची आखाजी आली. शेठनी सकाळी आंघोळ करून धुवट कपडे घातले, बरणी गादीसमोर पाटावर ठेवली आणि प्रेमकुंवरबाईंना खाली बोलावलं. लोटनला बाहेर बसवलं. शालिग्राम निघायला लागला तर म्हणाले, "तू थांब. तूही नऊ वर्षं पाहिलंस."

फडकं सुटलं. शेठनी डोळे मिटले. एक श्वास घेतला. मग त्यांनी नेम मोडला, दुसरा घेतला. तिसरा घेतला.

"गूळ," ते म्हणाले. "आपल्या जर्द्याचा."

मग प्रेमकुंवरबाई पदराआडून म्हणाल्या, "ते मागच्या वैशाखात येऊन गेले."

शेठनी शालिग्रामकडे पाहिलं. शालिग्रामनं सांगितलं, सगळं, उंदरांपासून गुळापर्यंत. आता कानफटात बसेल, आता चपला घालून निघ म्हणतील, असं त्याला वाटत होतं. बसली असती तर बरं झालं असतं.

"पांढरं होतं?" शेठनी विचारलं.

"हो. मी पुसलं."

"साखर ती. भाईसाब म्हणायचे, पान पुरतं पिकलं की अंगावर साखर फुटते. मी डोळे मिटून घ्यायचो, मला कधी दिसली नाही." मग त्यांनी विचारलं, "कशी दिसत होती?"

"उन्हात चमकत होती, शेठजी. बारीक मिठासारखी."

"आणि वास किती वेळ होता?"

याचं उत्तर प्रेमकुंवरबाईंनी दिलं. "बारा वाजल्यापासून दिवे लागेपर्यंत. सगळ्या घरात फिरले. तुमच्या गादीपाशीही आले असतील."

"आले होते," शालिग्राम म्हणाला.

शेठनी त्या गादीवरून हात फिरवला. "मी तेव्हा लग्नाच्या पंगतीत होतो," ते म्हणाले, आणि बरणी उचलून आत ठेवायला गेले. त्या दिवशी शालिग्रामला ते रागावले नाहीत आणि नंतरही कधी रागावले नाहीत. का रागावले नाहीत, हे त्याला कळलं नाही. माफी मिळाली का, हेही विचारायचं राहिलं.

दुकान पूर्वीसारखं चालत राहिलं. फक्त पुढच्या वैशाखात एक नवी गोष्ट सुरू झाली. दुपारी बाराच्या सुमाराला शेठ गादीवरून उठत आणि गच्चीवर जात. शालिग्राम एकदा मागोमाग गेला. मोकळ्या गच्चीवर, धोतर अंथरलं होतं बरोबर त्याच जागी, ते डोळे मिटून उभे होते. छाती भरून श्वास घेत होते. खाली आले तेव्हा चेहरा तांबडालाल झाला होता. काही मिळालं का, हे तोंडावरून समजेना. प्रेमकुंवरबाईंनी शालिग्रामला जिन्यात गाठून सांगितलं, "समजाव त्यांना. मला वास आला तो एकदाच आला. बोलावून येतो का?" पण समजावणार कुठल्या तोंडानं? गच्चीची वाट त्यांना शालिग्रामनंच दाखवली होती.

चौऱ्याहत्तरच्या वैशाखात ऊन फार होतं. त्या दिवशी शेठ वर गेले ते तास उलटला तरी उतरले नाहीत. शालिग्राम आणि लोटन वर गेले तेव्हा ते कठड्याला टेकून खाली बसलेले होते, अंग निखाऱ्यासारखं. दवाखान्यात नेलं, पण ऊन लागलेलं उतरलं नाही. संध्याकाळपर्यंत शुद्ध आली नाही आणि ते गेले. शालिग्रामनं त्यांचे कपडे घड्या घालून प्रेमकुंवरबाईंकडे दिले, तेव्हा दोघांनीही ते नाकाशी नेले नाहीत.

त्या दुपारी शेठ वर जाण्याआधी शालिग्राम त्यांच्याशी बोलला होता. फार काही नाही. शेठ जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होते आणि तो खाली तपकिरीचे डबे पुसत होता.

"शेठजी, आज पारा फार चढलाय. संध्याकाळी जा."

"आलोच. सोनगीरहून माल न्यायला माणूस येईल, त्याला बसव."

"पाणी पाठवू का वर?"

"नको. त्यालाच पाज, उन्हातून येईल."