मामंजी सापडत नाहीत

घरातल्या प्रत्येक यंत्राशी सोयरीक जोडून बसलेला माणूस आपल्या अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझा साडभाऊ आहे, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्यांना मी भर मांडवात अडाणी म्हणालो. चूक माझी होती, हे आधीच सांगतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना हसाल.

चिचगडला त्यांचं धानाचं शेत आहे आणि लग्नसराईत ते फोटो काढतात. शेतातला मोटारपंप त्यांचा व्याही, कारण मान दिल्याशिवाय तो सुरू होत नाही. टीव्ही जावई, दिवसभर नुसता बसून असतो. बिनवायरीने फोटो पाठवणारा नवा कॅमेरा घेतला, तेव्हा ती झाली सून. आणि फोटो ज्यात उतरायचे तो माझ्या स्टुडिओतला लॅपटॉप तिचे सासरे. मला त्यांनी लॅपटॉपचं नाव खरोखरच 'मामंजी' ठेवायला लावलं. जोडणीच्या वेळी कॅमेऱ्यावर रुमाल पांघरला. मी म्हणालो, "हे कायला?" तर म्हणाले, "पयल्यांदा भेटून रायली जी, डोक्यावर पदर पायजे." पहिला फोटो आला तसे हळूच बोलले, "सुनेनं चहा आणला."

पुढे स्टुडिओत एक गिऱ्हाईक ते नाव वाचून खो खो हसलं. मला लाज वाटली. मी नाव काढून दुकानाचं इंग्रजी नाव टाकलं, साडभाऊंना सांगितलं नाही, आणि स्वतःही विसरलो.

मग नागरा गावातलं एक लग्न आलं. वरात चिचगडची, म्हणजे अर्धा मांडव साडभाऊंना ओळखणारा. वधूपिता गोंदियाचे तांदळाचे व्यापारी. त्यांना फोटो निघाल्याबरोबर मोठ्या पडद्यावर हवा होता, म्हणून लॅपटॉप घेऊन मीही मांडवात होतो. नवरी माळ घेऊन निघाली आणि पडदा काळाच. कॅमेऱ्यावर एकच ओळ : कॉम्प्युटर सापडत नाही.

"अरे भाई, स्क्रीन काली क्यों है? जयमाला होने वाली है!" व्यापारी ओरडले.

साडभाऊंनी कॅमेरा आणि लॅपटॉपच्या मध्ये आलेला स्टीलचा पाण्याचा ड्रम सरकवला. कॅमेरा बंद-चालू केला. मग वरातीकडे वळून हात जोडले, "थोडं तोंड फिरवा रे. इतक्या पाव्हण्यात सून लाजून रायली."

वरात हसली. माझ्या कानशिलांना घाम फुटला होता. मी ओरडलो, "यंत्र आहे ते, सून नाही! काही समजत नाही तुम्हाला. अडाणीपणा पुरे!"

साडभाऊ एवढंच म्हणाले, "असन जी. माह्याच हातून का तरी झालं असन."

मी लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये गेलो आणि दुकानाचं नाव समोर दिसलं. कॅमेरा बिचारा अजून मामंजींनाच शोधत होता. जुनी जोडणी पुसली, नवी केली, आणि माळ गळ्यात पडता पडता फोटो झळकला. "मान गये, कम्प्यूटरवाले भाऊ!" व्यापाऱ्यांनी माझी पाठ थोपटली. मी ती थोपटून घेतली. दोन पावलांवर साडभाऊ मान खाली घालून कॅमेऱ्याची काच पुसत होते.

पुढच्या लग्नाचे फोटो द्यायला ते आले ते वायर घेऊन. कॅमेरा टेबलावर ठेवला. "फोटो घ्या जी." मी मुद्दाम विचारलं, "सून कशी आहे?" ते ओशाळून हसले, "कॅमेराच तं आहे जी. वायर बरी, लोकायसमोर फजिती नाही होत." टीव्हीलाही आता ते टीव्हीच म्हणतात, असं थोरल्या मेहुणीकडून समजलं. ते मला फार लागलं.

परवा चिचगडला गेलो. अंगणात खाटेवर साडभाऊ आणि त्या वरातीतले चारपाच जण बसले होते. मेहुणीने पाणी पुढे केलं. ते मी हातातच धरून उभा राहिलो.

"साडभाऊ, लॅपटॉपचं नाव मी बदललं होतं. तुमची काही चूक नव्हती. मला ते मांडवातच समजलं होतं, तरी मी शाबासकी घेतली. ह्या सगळ्यांसमोर तुम्हाला बोललो, म्हणून ह्यांच्यासमोरच सांगतो. चुकलो मी. मला माफ करा."