घराण्याची चुळबूळ

मिशिगनच्या एका विद्यापीठात मी आनुवंशिकतेवर पीएच.डी. करत होते. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. पुणं सोडून चार वर्षं झाली होती. लॅबमध्ये माझ्याकडे वंशावळी काढण्याचं काम होतं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ, आणि ज्याला रोग झाला त्याचं चिन्ह पेन्सिलीनं काळं करायचं.

आम्ही ज्या रोगाचा अभ्यास करत होतो, त्यात माणूस पस्तीस-चाळिशीपर्यंत ठणठणीत असतो. मग हातापायांची चुळबूळ सुरू होते, ती थांबवता येत नाही. चालताना झोकांड्या जातात, जीभ जड होते, स्वभाव फिरतो, शेवटी बुद्धी जाते. आई किंवा बाप, एकाला असला तरी प्रत्येक मुलाला तो होण्याची निम्मी शक्यता. औषध नव्हतं.

प्रोफेसरांनी मला दीड तासावरच्या एका लहान गावात पाठवलं. तिथे सत्तरीच्या एक निवृत्त शिक्षिका राहत होत्या, अविवाहित. त्यांच्या धाकट्या बहिणीला नुकतंच नर्सिंग होममध्ये ठेवलं होतं आणि तिथल्या डॉक्टरांनी या रोगाचं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं.

"बाईंकडे घराण्याची तीनशे वर्षांची माहिती आहे," प्रोफेसर म्हणाले. "असं घबाड आपल्याला पुन्हा मिळायचं नाही."

खरंच होती. कागद चिकटवून केलेली गुंडाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर उलगडली, तर तिचं टोक जमिनीला टेकलं. सगळ्यांत वर, मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला जहाजातून उतरलेलं एक जोडपं. तिथून पोरंनातवंडं कनेक्टिकटमध्ये, न्यूयॉर्क राज्यात, ओहायोत, शेवटी मिशिगनमध्ये. पंचवीस वर्षं बाई चर्चच्या नोंदवह्या, कोर्टातली मृत्युपत्रं आणि कबरींवरचे दगड वाचत हिंडल्या होत्या. याचं पुस्तक छापून प्रत्येक नातेवाइकाला एक प्रत द्यायची होती. मी त्यांना आमच्याकडच्या कुलवृत्तांताबद्दल सांगितलं, वडील तो पाहुण्यांना कसा काढून दाखवतात तेही. बाई खूश झाल्या.

"म्हणजे मी काय केलंय ते तुला कळतंय!"

त्या उन्हाळ्यात दर शनिवारी मी बसनं जात असे. बाईंचा भाचा, त्या आजारी बहिणीचा एकुलता एक मुलगा, मला स्टॉपवरून पिकअप ट्रकमधून घरी आणायचा. पस्तिशीचा, मोटारींच्या कारखान्यात कामाला, दोन लहान मुलींचा बाप.

बाई नोंदी वाचायच्या, मी प्रश्न विचारायचे.

"याला चर्चमधून काढून टाकलं. दारू पिऊन प्रार्थनेच्या वेळी नाचला म्हणून."

"पिताना कुणी पाहिलं होतं का?"

बाईंनी चष्मा पुसून नोंद पुन्हा वाचली. "थेंबही घेतला नाही असं तो शपथेवर सांगत होता, असं लिहिलंय."

मी पेन्सिल उचलली.

"नको," त्या म्हणाल्या. "दारुडाच होता तो. आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात."

त्याच्या मुलीला नवऱ्यानं खुर्चीला बांधून ठेवलं होतं. तिचा मुलगा नदीत पडून गेला, त्याचा मुलगा 'स्वभावाने अस्थिर' होता. दर पिढीत कुणीतरी जमीन विकून पश्चिमेला सरकत होतं. बाईंना याचाच मोठा अभिमान होता. नवी जमीन कसणारी धाडसी माणसं! पण आता तारखा शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसायला लागलं, की घरात कुणी वेडंवाकडं चालायला लागलं की वर्ष-दोन वर्षांत ते कुटुंब गाव सोडत होतं.

"लोक बोलत असतील," बाई म्हणाल्या. "शेजाऱ्यांपासून पळत होते ते."

तिसऱ्या शनिवारी त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि स्वतःच एकेक चिन्ह काळं करत खाली आल्या. स्वतःच्या वडिलांपाशी थांबल्या.

"घरात याला 'घराण्याची चुळबूळ' म्हणायचे. बाबा मागच्या खोलीत असायचे. मी अठराची झाले तेव्हा आई म्हणाली, तू लग्न करू नकोस. का ते नाही सांगितलं. बहिणीनं ऐकलं नाही, मी ऐकलं." मग माझ्याकडे बघून विचारलं, "मला आता होईल?"

"या वयात बहुतेक नाहीच."

"म्हणजे माझ्यात ते नव्हतंच."

"नसावं."

"मग माझी मुलंही सुटली असती," बाई म्हणाल्या. चहा करायला म्हणून आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्या संध्याकाळी परतीच्या वाटेवर भाच्यानं विचारलं, "त्या कागदावरून माझं काही सांगता येतं?"

"नाही. तुझं निम्मं-निम्मंच."

"आणि रक्तावरून?"

"प्रयत्न चाललाय." बोलता बोलता माझी नजर स्टीअरिंगवरच्या त्याच्या बोटांकडे गेली.

"बघ, बघ," तो म्हणाला. "हल्ली सगळे हातांकडेच बघतात. बायकोसुद्धा."

आम्ही तिघांचं रक्त घेतलं, बाईंचं, बहिणीचं आणि भाच्याचं. पण तेव्हाच्या चाचणीला घरातल्या बऱ्याच माणसांचं रक्त लागायचं, आजाऱ्यांचं आणि धडधाकटांचंही. बाईंचे वडील, काका, आत्या, सगळे गेलेले. उरलेल्या तिघांवरून काहीच ठरेना. भाच्याला मी फोनवर तसं सांगितलं. तो "ओके, थँक यू" म्हणाला आणि फोन ठेवला.

मग बाईंनी दूरच्या चुलत नातेवाइकांना पत्रं लिहिली, काहीही न लपवता. रक्त द्याल का, असंही विचारलं. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. ओहायोतल्या एका चुलतभावानं लिहिलं, 'माझ्या मुलीचं लग्न ठरतंय. आमची फांदी तुमच्या कागदावरून काढून टाका.' बाईंनी पुस्तकाचं काम कॅन्सल केलं.

पुढच्या वसंतात पीएच.डी. पुरी झाली आणि मला टेक्सासमध्ये, अर्विंगजवळ नोकरी मिळाली. निघण्यापूर्वी मी बाईंना भेटायला गेले. भाचा मला घ्यायला आला होता. घराच्या पायऱ्या चढताना तो धडपडला. "पाय अडकला," म्हणाला. पायरीवर काही नव्हतं. स्वयंपाकघरात कॉफी पिताना त्याचा डावा खांदा मधूनच वर उडत होता, आणि ते त्याच्या गावीही नव्हतं. तो मुलींना आणायला गेल्यावर बाईंनी दार लावलं.

"तू पाहिलंस?"

"हो."

"एवढ्यात लिहू नकोस."

"नाही लिहिणार," मी म्हणाले.

सोमवारी कागदपत्रं सोपवताना प्रोफेसरांनी विचारलं, "या कुटुंबात काही नवीन?" मी पायरीचं आणि खांद्याचं सांगितलं. "मग पूर्ण करून जा," ते म्हणाले. मी त्याचा चौकोन काळा केला. त्याच्या खाली दोन कोरी वर्तुळं होती, एक सहा वर्षांची, एक चार.

अर्विंगला बाईंची दोन पत्रं आली. पहिल्यात बहीण गेल्याचं होतं. दुसरं वर्षभरानं आलं. भाच्याची नोकरी सुटली होती. मशीनवर हात स्थिर राहत नव्हते. बायको मुलींना घेऊन माहेरी गेली होती, दुसऱ्या राज्यात. 'तिला मी दोष देत नाही,' बाईंनी लिहिलं होतं. 'तो आता माझ्याकडे असतो. माझ्यानंतर त्याचं कोण करणार, ते मला माहीत नाही.'

मी उत्तर लिहायला बसले. चार ओळी झाल्या. त्यात टेक्सासचा उन्हाळा, नवं अपार्टमेंट असलं काहीबाही आलं. तेवढंच पाठवलं. त्यानंतर त्यांचं पत्र आलं नाही आणि मीही फोन केला नाही.