लेंड्यांचं पाणी

भिजलेल्या लेंड्यांचा वास आला की मला वसमतमधल्या आमच्या कॉलनीची काही वर्षांपूर्वीची मोकळी जागा आठवते. आम्ही बायकांनी श्रमदान करून तिथं लावलेली रोपं शेळ्यांनी दोनदा फस्त केली होती. तिसऱ्यांदा लावलेलीही जगली नाहीत तर तिथं गाड्या लावायच्या, असं कॉलनीत ठरलं होतं. मी साखरा गावची, शेळ्या पाळणाऱ्या घरातली. आपल्याच लेंडीचा वास शेळीला सहन होत नाही, म्हणून लेंड्या भिजवून ते पाणी मी पानापानावर शिंपडलं. शेजारीण नाकाला पदर लावून ओरडली, "काहून घाण करून राहिल्या वो तुमी?" तेवढ्यात कळप आला. पुढची शेळी कडुलिंबाचं रोप हुंगून शिंकली आणि मागं फिरली, तिच्यामागं सगळ्या! पहिली टाळी शेजारणीनंच वाजवली. आता त्याच कडुलिंबाखाली शेळ्या दुपारभर बसतात, आणि नव्या रोपांसाठी लेंड्या मला जागेवरच मिळतात.