वजनवाल्या बाई

आमच्या अंगणवाडीच्या बाई पोराला कपड्यांसकट कधी वजनकाट्याच्या झोळीत घालत नसत. इतर गावांतल्या सेविका स्वेटर-टोपीसकट पोर लटकवायच्या आणि आकडा लिहून मोकळ्या व्हायच्या. आमच्या बाई मात्र थंडीतसुद्धा पोराला चड्डीवर आणत, आणि कुरकुरणाऱ्या आयांना म्हणत, "कपड्याचं वजन सरकारले नको, पोराचं पाहिजे." अल्लीपूरच्या पलीकडचं आमचं लहानसं गाव. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. वजनवाल्या बाई म्हटलं की झालं.

चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली आणि जीभ अगदी मोकळी सोडलेली. तरण्या सरपंचाला भर ग्रामसभेत त्यांनी ऐकवलं होतं, "तू बारा किलोचा होता तवापासून वळखतो तुले." उकडलेलं अंडं त्या पोराला समोर बसवूनच खाऊ घालत, कारण घरी नेलेलं अंडं बापाच्या ताटात जातं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आम्ही सगळी पोरं त्यांना घाबरायचो आणि सुट्टीच्या दिवशीही त्यांच्याच ओट्यावर जाऊन बसायचो.

माझे वडील वारल्यावर आई भाजी विकू लागली. तिची भाजी हिंगणघाटला नेणारा ऑटोवाला दोन वर्षांनी आमच्याच घरी राहायला आला. पाट लावून रीतसर लग्न वगैरे काही केलं नाही. आम्ही त्याला काका म्हणायचो. तो म्हाताऱ्या माणसांना फुकट तालुक्याला न्यायचा, त्यामुळे आईला फार चांगला माणूस भेटला असं सगळं गाव म्हणायचं. मी नऊ वर्षांची होते, माझी बहीण चकुली चार वर्षांची. चकुली रडकी होती आणि त्याला रडणं सोसायचं नाही. आईला बाजारात सोडून तो परत यायचा, तेव्हा घरात आम्ही तिघंच असायचो.

चकुलीच्या पाठीवरचे वळ बाईंना वजनाच्या दिवशी दिसले. संध्याकाळी त्या घरभेटीला आल्या. पोराचं काही बिनसलं की घरी जायचं, घरच्या माणसासमोर बसायचं, चहा घ्यायचा आणि गोडीनं विचारायचं, ही त्यांची कित्येक वर्षांची रीत. मागून चौकशी केली तर घरातल्या माणसाचा अपमान होतो, असं त्या मानत. काका ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होता.

"हे पाठीले काय झालं वं चकुले?" बाईंनी विचारलं. चकुलीनं काकाकडे पाहिलं. मग बाईंनी मला विचारलं, तर मीही काकाकडेच पाहिलं. तो हसत होता.

"झुल्यावरून पडली," मी म्हणाले.

"लय मस्तीखोर हाय बाई," काका म्हणाला. आईनं खाली मान घालून चहा पुढे केला आणि बाईंनी तो घेतला. जाताना म्हणाल्या, "अशक्त हाय पोरगी, म्हणून पडते. मी दोन अंडे खाऊ घालत जाईन तिले."

त्यांनी खरंच अंडी खाऊ घातली. पुढचे दोन महिने चकुलीचं वजन वाढत गेलं, वाढीच्या तक्त्यावरचा तिचा ठिपका पिवळ्यातून निरोगी वजनाच्या हिरव्या पट्ट्यात आला, आणि तालुक्याच्या बैठकीत बाईंचं कौतुक झालं. पाठीवर नवा वळ नव्हता. काका आता डोक्यात मारत होता, केसांखाली. मला हे माहीत होतं.

तिसऱ्या महिन्यात चकुली मेली. पायरीवरून पडली, असं काका म्हणाला. डॉक्टरांनी ते मानलं नाही आणि पोलीस त्याला घेऊन गेले. कोर्टात आईनंही पायरीच सांगितली. वळांबद्दल खरं बोलायला फक्त बाई उभ्या राहिल्या. दहाव्याच्या दिवशी त्या आमच्या दारात बसून मोठ्यानं रडल्या होत्या. "हिरव्या पट्ट्यात होती वं माही पोरगी! चूक माही हाय. मी लेकराले त्याच्यासमोर इचारलं." मी बाजूलाच उभी होते. झुल्याबद्दल त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर घरभेटीचा चहा त्यांनी कायमचा सोडला. अंगावर खूण दिसली की पोराला एकटं घेऊन बसायच्या आणि तिथूनच मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावायच्या. गावातल्या बायांनी शिव्या दिल्या, कुणी तरी त्यांच्या घरावर दगड मारले. "मारा ना," त्या म्हणायच्या, "मी काई चार वर्साची नाई."

गेल्या वर्षी, त्यांच्या निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात, मी माझ्या मुलाला वजनाला नेलं. नवऱ्यानं मला टाकलं आहे आणि दोन वर्षांपासून मी एका माणसासोबत राहते. चांगला आहे. गावात सगळ्यांना आवडतो. बाईंनी मुलाचं स्वेटर काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "तू बाहीर जा. मी त्याले एकटं इचारतो."

"मले काऊन बाहीर काढता बाई? मी चकुलीची बहीण होय."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

मला फार राग आला. बाहेर ओट्यावर स्वेटर घेऊन मी उभी राहिले. आतून त्यांचा हळू आवाज येत होता, मुलाचा येत नव्हता. मी दाराला कान लावला, कारण तो काय सांगेल हे मलाही ठाऊक नव्हतं.